कापडाची वीण, कागदाचा दाणा: अमूर्त चित्रात पोत कसा उठवावा

रंग उंचवट्यावर चढवायचा की खळग्यात बसवायचा, हे ब्रश उचलण्याआधी ठरवा. दोन्हीकडे भरला की पोत मेला.

कागद 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, आणि खरबरीत घ्या. गुळगुळीत कार्डशीटवर ही मेहनत वाया जाते. उंचवट्यासाठी पोस्टर रंग घट्टच ठेवा. चपटा ब्रश बुडवून फडक्यावर दोनदा पुसा, जवळजवळ आडवा धरा आणि न थांबता ओढा. पट्टा तुटक उमटला पाहिजे. सलग आला तर ब्रश अजून ओला आहे.

खळग्यासाठी गेरूसारखा रंग नाही. 50 ग्रॅम बाभळीचा डिंक 100 मिली गरम पाण्यात रात्रभर भिजवून गाळा. धावड्याचा डिंक लाडवातच बरा, तो पुरता विरघळत नाही. वस्त्रगाळ गेरू एक चमचा, हे डिंकपाणी अर्धा चमचा, साधं पाणी चार चमचे. कागद फळीवर चिकटपट्टीने चारही बाजूंनी बसवा, ओला करा, रंग सोडा आणि हात लावू नका. जड कण आपोआप खळग्यात उतरतात. मध्येच ब्रश फिरवला की चिखल होतो. वाळल्यावर बोटाला गेरू लागला तर डिंक कमी पडला, चकाकून तडकला तर जास्त झाला.

कॅनव्हास विकत घेऊ नका. तयार कॅनव्हासवरचा पांढरा थर निम्मी वीण बुजवून टाकतो. मांजरपाट गरम पाण्यात धुऊन खळ काढा, चौकटीवर ताणा, एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाणी यांचा एकच हात द्या. वाळला की पातळ ॲक्रिलिक लावा आणि मिनिटभरात ओलसर, पिळलेल्या फडक्याने वरवर पुसा. वरचे धागे उघडे पडतात, रंग मधल्या फटींत राहतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला गेला की पुसायला मिनिटही मिळत नाही, म्हणून हे काम सकाळी आठच्या आत उरका. बारदान्याची वीण याहून देखणी, पण ताग पिवळा पडून ठिसूळ होतो, सरावालाच वापरा.

1924 साली नागपुरात जन्मलेले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने (रंगाच्या बोथट सुरीने) रंग चढवत, खरवडत. पोताचं काम असं काढण्यातच जास्त असतं.

तपासायला अंधारात टॉर्च चित्राला बाजूने, अगदी लागून धरा. सावल्या पडेनाशा झाल्या तिथे रंग जाड झालाय. वाळल्यावर 220 नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा. टांगताना समोर बल्ब नको, खिडकीलगतची भिंत निवडा.