आपल्या गावातील रस्ते अपघातांची नोंदवही कशी ठेवावी आणि धोक्याची जागा कशी दुरुस्त करून घ्यावी

भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांपैकी १५,२२४ माणसे महाराष्ट्रातील रस्त्यांवर गेली. हे आकडे दरवर्षी वर्तमानपत्रात छापून येतात, पण तालुक्याच्या गावात राहणाऱ्याला त्यांतून हे कळत नाही की, आपल्या बाजार समितीच्या फाटकासमोर किंवा एस.टी. स्थानकाच्या वळणावर वर्षानुवर्षे त्याच शंभर पावलांत माणसे का पडतात. ते कळण्यासाठी गावाची स्वतःची नोंद लागते, आणि ती ठेवायला अभियंता असावे लागत नाही. निवृत्त शिक्षक, महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक, व्यापारी संघटना किंवा चार-पाच चिकाटीचे रहिवासी हे काम नीट करू शकतात.

ही नोंद वेगळी ठेवावी लागते, याचे कारण पोलिसांच्या कामाच्या स्वरूपात आहे. फिर्यादीत बहुधा असे लिहिलेले असते की, चालकाने वाहन ‘हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, भरधाव वेगात’ चालविले. दोषी कोण हे ठरवणे न्यायालयासाठी आवश्यक आहे, त्यामुळे तपास त्या दिशेने जातो आणि त्यात गैर काही नाही. मात्र ती रस्त्याची परिस्थिती नेमकी काय होती, दिवा चालू होता की बंद, साइडपट्टी किती खचली होती, हे त्या कागदातून क्वचितच समजते. तीन वर्षांत त्याच वळणावर सहा वेगवेगळे चालक दोषी ठरले असतील, तर सातवा अपघात टाळण्यासाठी त्या वळणाकडे पाहावे लागेल.

पहिली पायरी : हद्द आणि मालकी ठरवा

गावातून जाणाऱ्या मुख्य रस्त्याचा तीन ते पाच किलोमीटरचा पट्टा आणि त्याला मिळणारे सगळे फाटे, एवढी हद्द पुरेशी आहे. पुणे–नाशिक आणि कल्याण–अहिल्यानगर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात ते आळेफाटा पाहिले, की महाराष्ट्रातील अनेक लहान गावांची रचना लक्षात येते : बाजारपेठ, बसथांबे आणि शाळा-महाविद्यालये महामार्गाला चिकटून वाढलेली असतात, आणि लांबचा ट्रक व दुधाची किटली लावलेली मोटारसायकल एकाच डांबरावरून जातात.

हद्द ठरली की प्रत्येक तुकडा कोणाच्या ताब्यात आहे ते लिहून काढा. राष्ट्रीय महामार्ग हा महामार्ग प्राधिकरणाकडे किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे असतो. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे, आणि आतले रस्ते नगरपंचायतीकडे किंवा नगरपरिषदेकडे असतात. हे काम कंटाळवाणे वाटले तरी आधीच उरकून घ्यावे, कारण चुकीच्या कार्यालयाला दिलेला अर्ज महिनोन्‌महिने ‘संबंधित विभागाकडे’ फिरत राहतो.

दुसरी पायरी : मागील तीन वर्षांच्या नोंदी मिळवा

सुरुवात पोलीस ठाण्यापासून करावी. मृत्यूचे गुन्हे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली आणि त्याआधीचे भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली नोंदलेले असतात. निष्काळजी वाहनचालनासाठी आता कलम २८१ आणि पूर्वी २७९ लागत असे. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर ठाणेनिहाय प्रथम खबरी पाहता येतात. शिवाय २०२१ पासून पोलीस अपघाताची माहिती ‘आयरॅड’ या केंद्रीय प्रणालीत जागेच्या अक्षांश-रेखांशासह भरतात. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना भेटून आपला हेतू सांगितला, तर पुष्कळदा गोषवारा तिथेच मिळतो. न मिळाल्यास माहिती अधिकारात १० रुपयांचे शुल्क भरून अर्ज करावा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. अर्जात माणसांची नावे मागू नयेत. दिनांक, वेळ, ठिकाण, वाहनांचे प्रकार आणि मृत व जखमींची संख्या एवढेच मागितले की नकार द्यायला फारसे कारण उरत नाही.

पोलिसांकडची यादी अपुरी असते, हे गृहीत धरूनच पुढे जावे. दुचाकी घसरून हात मोडलेला माणूस सहसा फिर्याद देत नाही, पण ग्रामीण रुग्णालयाच्या एमएलसी (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणांच्या) रजिस्टरमध्ये त्याची नोंद झालेली असू शकते. वैद्यकीय अधीक्षकांकडे नावांशिवाय केवळ महिनावार संख्या मागावी. उलट बाजूने, गंभीर जखमीला पुण्याला, नाशिकला किंवा कोल्हापूरला हलवले आणि तो तिथे आठव्या दिवशी गेला, तर गावाच्या कागदावर तो ‘जखमी’च राहतो. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू हा अपघाती मृत्यू धरण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तुमच्या वहीतही तीच पाळावी. स्थानिक वार्ताहर, रुग्णवाहिकेचे चालक आणि चौकातले गॅरेजवाले यांच्याशी बोलल्यावर यादीतली अनेक रिकामी घरे भरतात.

तिसरी पायरी : एका अपघाताला एक ओळ

वही साधी असावी : दिनांक व वार, वेळ, नेमके ठिकाण, कोण कोणाला धडकले, धडकेचा प्रकार, उजेड, पाऊस, इजा. ठिकाण लिहिताना ‘बसस्थानकाजवळ’ असे लिहिल्यास पुढे काही उपयोग होत नाही. नमुन्याची ओळ अशी असू शकते : ‘मंगळवार, आठवडी बाजार, सायं. ६.५०, किलोमीटर दगडापासून नाशिक बाजूला अंदाजे १२० मीटर, दुभाजकातील फटीसमोर, दुचाकी उजवीकडे वळताना समोरून आलेल्या टेंपोची धडक, संधिप्रकाश, खांबावरचा दिवा बंद, एक गंभीर, एक किरकोळ.’ या एका ओळीतून फट, वळण, वेळ आणि दिवा अशा चार गोष्टी तपासायला मिळतात.

कोण कोणाला धडकले हा रकाना कधीही मोकळा सोडू नये. देशात २०२२ मध्ये मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे आणि १९ टक्क्यांहून अधिक पादचारी होते. लहान गावात मोटारींपेक्षा दुचाक्या आणि पायी चालणारे जास्त, त्यामुळे उपाय ठरवताना त्यांचाच विचार आधी करावा लागतो.

चौथी पायरी : कल वाचताना घाई करू नका

सर्वाधिक चुका इथे होतात. समजा, एखाद्या गावात सरासरीने वर्षाला ९ मृत्यू होतात. रस्त्यात किंवा माणसांच्या वागण्यात काहीही न बदलता केवळ योगायोगाने तिथे एका वर्षी ५ आणि दुसऱ्या वर्षी १३ मृत्यू होऊ शकतात. म्हणजे १३ नंतर ५ आले म्हणून कोणी श्रेय घेऊ नये, आणि ५ नंतर १३ झाले म्हणून नव्या फौजदाराला धारेवर धरू नये. तीन वर्षांची बेरीज मागच्या तीन वर्षांच्या बेरजेशी ताडून पाहावी आणि मृत्यूंसोबत गंभीर जखमीही मोजावेत. संख्या मोठी झाली की योगायोगाचा वाटा कमी होतो.

आता गावाचा मोठा नकाशा भिंतीवर लावून प्रत्येक अपघाताचा ठिपका काढा : मृत्यूला लाल, गंभीर जखमेला निळा. ठिपके कुठे दाटतात ते लगेच दिसते. केंद्रीय मंत्रालयाच्या व्याख्येनुसार राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे ५०० मीटरच्या तुकड्यात मागील तीन कॅलेंडर वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमांचे ५ अपघात झाले, अथवा एकूण १० मृत्यू झाले, तर ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. तुमची जागा या मापात बसत असेल, तर अर्जात हे वाक्य पहिल्या परिच्छेदात आले पाहिजे. बसत नसेल तरी निराश होऊ नका. तीन किंवा चार अपघात अगदी त्याच पद्धतीने झाले असतील, तर ती जागाही तितकीच बोलकी असते.

त्यानंतर तेच अपघात महिन्यांप्रमाणे आणि तासांप्रमाणे मांडा. ऊसपट्ट्यात गळीत हंगामातील रात्रीचे अपघात मुद्दाम वेगळे काढावेत, कारण रिफ्लेक्टर नसलेली, मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली रस्त्याकडेला उभी असणे आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ती शेवटच्या क्षणापर्यंत न दिसणे, हे तिथले जुनेच दुखणे आहे. कापसाच्या किंवा कांद्याच्या भागात हंगाम वेगळा असेल. यात्रेचा आठवडा आणि बाजारचा वारही तपासून पाहा.

पाचवी पायरी : जागेवर उभे राहा

दाटलेल्या प्रत्येक ठिकाणी दिवसा एकदा आणि ज्या वेळी अपघात होतात त्या वेळी एकदा, रस्त्याबाहेर सुरक्षित जागी तासभर थांबावे आणि अंगात फ्लोरोसेंट जाकीट घालावे. काचेचा चुरा, दुभाजकाच्या टोकावरचे घासल्याचे पट्टे, वाकलेला विजेचा खांब, टायर घासल्याच्या काळ्या रेषा हे सगळे टिपून घ्यावे. डांबराची कडा आणि साइडपट्टी यांतला फरक पट्टीने मोजा. तो वीतभर झाला असेल, तर मोठ्या गाडीला वाट देण्यासाठी खाली उतरलेली दुचाकी पुन्हा वर येताना घसरणारच. दुचाकीवर बसल्यावर डोळे ज्या उंचीवर येतात तेथून बाजूच्या रस्त्याकडे बघा : फलक, टपरी, वाढलेली बाभूळ किंवा थांबलेली वडापची जीप यांपैकी काय आड येते?

वेग मोजायला यंत्र लागत नाही. रस्त्याकडेला टेपने ५० मीटर मोजून दोन्ही टोकांना चुन्याची खूण करा आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचने वेळ घ्या. ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, साडेचार सेकंद लागले तर ४०, आणि ३ सेकंद लागले तर ६० असतो. मोकळ्या जाणाऱ्या ४० वाहनांचे वेग चढत्या क्रमाने लिहा. ३४ व्या वाहनाचा वेग हा त्या जागेचा ८५ टक्क्यांचा वेग, म्हणजे शंभरातली ८५ वाहने त्या वेगाने किंवा त्याहून हळू जातात, आणि रस्ता अभियंते याच आकड्याकडे पाहतात. ताशी ६० च्या वेगाने जाणारी गाडी चालकाने ब्रेकवर पाय ठेवण्याआधीच्या एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे सरकते, ४० च्या वेगाने ११ मीटर. शाळेसमोर या सहा मीटरांवर एखाद्या मुलाचा जीव अवलंबून असतो. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

सहावी पायरी : उपाय कारणाशी जुळवा

अपघात झाला की त्याच संध्याकाळी ‘गतिरोधक घाला’ अशी मागणी होते. दुःखात ती स्वाभाविक आहे, पण रातोरात ओतलेला, न रंगवलेला, उभट उंचवटा हा अंधारात दुचाकीवाल्याला पाडतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलाकार उताराचा असावा लागतो. त्यावर पट्टे आणि आधी सूचनाफलकही हवा. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक घालू नयेत, असेच केंद्रीय मंत्रालयाचे धोरण आहे. तिथे रम्बल पट्ट्या (चाकाखाली खडखडाट करून चालकाला सावध करणाऱ्या आडव्या पट्ट्या), दुभाजकाची रचना किंवा चौकातील बदल मागावा.

साइडपट्टी खचली असेल तर मुरमाचा भराव व दबाई, उजव्या वळणाचे अपघात असतील तर अनधिकृत फट बंद करून पुढे सुरक्षित वळण, पादचारी दगावत असतील तर पट्टे, दिवा आणि रस्त्याच्या मध्ये थांबायला जागा. बसथांबा चौकाच्या तोंडावर असेल, तर तो थोडा पुढे सरकवल्यानेही दृष्टी मोकळी होते. ट्रॉल्यांसाठी हंगामापूर्वीच साखर कारखाना, पोलीस आणि आरटीओ यांची एकत्र बैठक घेऊन, काटापावती देण्याआधी लाल रिफ्लेक्टर पट्टी आहे की नाही हे पाहण्याचा नियम कारखान्याकडूनच करून घ्यावा; एकेका ट्रॅक्टरवाल्याला अडवण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक परिणामकारक वाटतो.

हेल्मेटची गोष्ट रस्त्याच्या दुरुस्तीआड झाकू नये. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार मृत्यू पावले आणि त्यांत १४,३३७ मागे बसलेले होते. ‘गावातल्या गावात कशाला’ म्हणून हेल्मेट खुंटीवर राहते. अल्पवयीन मुलाच्या हातून गाडीने गुन्हा घडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ खाली पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, हे शाळेच्या पालकसभेत स्पष्ट सांगावे.

सातवी पायरी : एक जागा, एक अर्ज

सगळ्या गावाच्या तक्रारी एकाच निवेदनात घालू नयेत. सर्वांत वाईट एक जागा घ्या आणि दोन पानांत मांडा : नकाशा, तीन वर्षांचा तक्ता, वेगाचे मोजमाप, दिवसाची व रात्रीची छायाचित्रे आणि नेमकी मागणी. मूळ अर्ज रस्त्याच्या मालक कार्यालयाला, प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला, पोलीस अधीक्षकांना आणि उपप्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांना द्यावी, आणि प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८-अ प्रमाणे रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत मानके न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम धमकी म्हणून वापरू नये, पण अर्जात त्याचा उल्लेख असावा.

याच काळात चौकातील दुकानदार, रिक्षावाले आणि हॉटेलवाले यांना एकत्र करून जखमीला मदत कशी करावी हे ठरवून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८, आणीबाणीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक दुकानांवर ठळक लिहावेत. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे आणि त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही; तरीही ‘पोलिसांचे लचांड नको’ म्हणून लोक मागे सरतात, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे विनारोकड उपचार नियुक्त रुग्णालयांत मिळतात. तुमच्या भागातील अशा रुग्णालयांची यादी आधीच मिळवून ठेवावी.

दुरुस्ती झाल्यावर

काम झाले की त्याच खुणांवर, त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा ४० वाहनांचा वेग मोजा. सर्वांत वाईट वर्ष पाहूनच जागा निवडलेली असल्याने पुढच्या वर्षी अपघात आपोआपच थोडे कमी दिसण्याची शक्यता असते. म्हणून केवळ एका वर्षाच्या घटीवर विसंबू नये. वेग, अंगावर आलेली वाहने, कचकन लागलेले ब्रेक हे महिनाभरातही मोजता येतात आणि त्यांतून उपाय लागू पडला की नाही याचा अंदाज बराच आधी येतो. ८५ टक्क्यांचा वेग उतरला नसेल, तर तेच दोन पानी निवेदन नव्या मोजमापासह पुन्हा द्या, आणि जानेवारीत मागील वर्षाच्या ओळी पूर्ण करून वहीची एक प्रत पोलीस ठाण्यात व एक नगरपंचायतीत ठेवा, म्हणजे अधिकारी बदलले तरी नव्याने येणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच धोक्याच्या जागा ठाऊक होतात.