एका शेंगदाण्यात किती कॅलरी? घरी मोजून बघा

१०० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण ५६७ कॅलरी असतात, असं तक्त्यात सापडतं. अशा आकड्यांच्या मुळाशी एकच युक्ती आहे: अन्न जाळायचं आणि त्यानं पाणी किती तापलं ते बघायचं. ती घरीही जमते. मात्र मुलं करणार असतील तर मोठ्या माणसानं शेजारी बसायलाच हवं, आणि घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर हा प्रयोग नको.

कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन घ्या. त्यात मोजून १०० मिली, म्हणजे १०० ग्रॅम पाणी ओता. कॅनची कडी उभी करून तिच्यातून सळई ओवा आणि दोन विटांच्या चळतींवर ती आडवी टेकवा. कॅन अधांतरी राहील. थर्मामीटर प्रयोगशाळेतला हवा. तापाचा ४२ अंशांपुढे जात नाही. वजनकाटा सोनाराकडे असतो तसा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा.

भाजलेला, सोललेला दाणा वजन करून सुईवर टोचा. सुईचं दुसरं टोक अर्ध्या बटाट्यात रोवा. पाण्याचं तापमान लिहून ठेवा. पंखा बंद, खिडकी बंद. पहिल्या वेळी माझा पंखा चालू राहिला होता. ज्योत सारखी एका बाजूला कलत होती आणि पाणी जेमतेम ५ अंश तापलं.

दाणा कॅनपासून दूर धरूनच पेटवा, नाहीतर लायटरची उष्णताही पाण्यात मोजली जाईल. तो लगेच पेट घेत नाही. आधी अंगावर तेल चकाकतं, कडेला बारीक बुडबुडे येतात आणि मग पिवळी ज्योत उभी राहते. लगेच बटाटा कॅनखाली सरकवा. ज्योतीचं टोक बुडाला लागेल इतकंच अंतर ठेवा. मध्येच विझला तर बाहेर काढून पुन्हा पेटवा. पुरता विझल्यावर पाणी हलकेच ढवळा, सर्वांत वर गेलेला आकडा टिपा आणि उरलेला कोळसा गार झाला की तोही तोला.

आता हिशोब. १ ग्रॅम पाणी १ अंश सेल्सिअसनं तापायला १ कॅलरी लागते. समजा, पाणी २८ वरून ४१ वर गेलं: १०० × १३ = १३०० कॅलरी, म्हणजे १.३ किलोकॅलरी. दाणा ०.६२ ग्रॅमचा होता, कोळसा ०.०८ उरला, जळले ०.५४ ग्रॅम. भागाकार २.४, म्हणजे १०० ग्रॅमला २४०. (पाकिटावरची ‘कॅलरी’ ही खरं तर किलोकॅलरीच असते.)

निम्म्याहून जास्त गेलं कुठे? कॅनचं बूड बघा. बोटाला लागणारी ती काजळी म्हणजे न जळलेला कार्बन. बाकीची उष्णता हवेत गेली, थोडी कॅन तापवण्यात. कॅनभोवती ॲल्युमिनियम फॉइलचा आडोसा केलात तर आकडा नक्की वर चढेल. माझ्या मते या प्रयोगात एकट्या आकड्यापेक्षा तुलनेवर भर द्यावा: त्याच मांडणीत काजू जाळा, टोस्टचा तुकडा जाळा आणि ग्रॅममागे कुणी पाणी जास्त तापवलं ते बघा.

प्रयोगशाळेत हेच काम बाँब कॅलरीमीटर करतो. जाड पोलादी भांड्यात नमुना ठेवून साधारण ३० वातावरणं दाबाचा ऑक्सिजन भरतात, भांडं पाण्यात बुडवतात आणि विजेच्या तारेनं आत ठिणगी देतात. काजळी उरत नाही, उष्णता निसटत नाही. तरी पाकिटावरचा आकडा याहून थोडा कमीच असतो. बाँबमध्ये १ ग्रॅम प्रथिनं सुमारे ५.६५ किलोकॅलरी देतात. पाकिटावर मात्र ४ धरतात, कारण त्यातला नायट्रोजन शरीर युरियाच्या रूपात लघवीवाटे टाकून देतं आणि त्याबरोबर थोडी ऊर्जाही जाते.