वादळाआधीचे 48 तास: वाडीत किती, बाजारात किती

अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी मोबाइलवर फिरली की कोकण किनाऱ्यावरच्या बाजारपेठेतून सगळ्यात आधी ताडपत्री गायब होते. मग नायलॉनची दोरी, मेणबत्त्या, पाव, डिझेल. पंपावर कॅनची रांग लागते आणि वारा पडलेला, माडावर चढता येण्यासारखा तो एकच दिवस रांगेत उभं राहण्यात जातो. त्या दोन दिवसांत खरी टंचाई असते ती पाडेल्याची, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणाऱ्याची, आणि उजेडाची. म्हणून क्रम उलटा लावा. आधी वाडी, म्हणजे माड-पोफळी-आंब्याची बाग, मग बाजार, आणि बाजारात जाताना हातात आकडे लिहिलेला कागद.

हवामान विभाग साधारण 72 तास आधी पूर्वसूचना देतो. 48 तास आधी पिवळा इशारा, 24 तास आधी नारिंगी आणि शेवटच्या 12 तासांत लाल. झाडावर चढायची सगळी कामं पिवळ्या इशाऱ्यात उरका. नारिंगीत फक्त जमिनीवरची कामं करा. लाल इशारा लागल्यावर वाडीत पाऊलही टाकू नका. वादळ दुसरीकडेच आदळणार आहे म्हणून निवांत राहणंही महागात पडतं. निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला थेट रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, पण मे 2021 मधलं तौक्ते समुद्रातूनच गुजरातकडे सरकत गेलं आणि तरीही सिंधुदुर्ग-रत्नागिरीत कलमाखाली आंब्याचा सडा पडला. आपला वादळांचा हंगाम मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर असा दोनदा येतो. फयान तर 11 नोव्हेंबरला आलं होतं, 2009 साली.

आधी वाडी

माडावरचे तयार नारळ आणि सुकी झापं उतरवा. हिरवी झापं तोडू नका. माडाला बोडकं केलं की वारा लागत नाही असं गावोगाव सांगतात, पण त्याची किंमत पुढची दोन वर्षं नारळ कमी धरून मोजावी लागते, आणि उघडी पडलेली सुई, म्हणजे शेंड्यातला न उमललेला कोंब, वाऱ्यात पिरगळते ती वेगळीच. वजन घडांचं असतं, ते उतरलं की पुष्कळ झालं. उतरवताना चांगल्या, नियमित धरणाऱ्या माडांचे वीस-पंचवीस पक्के नारळ बाजूला ठेवा. ते दोरीने खाली सोडा, वरून टाकू नका. कशासाठी ते शेवटी येईल.

हापूस झाडावर असेल तर चौदा आणे, म्हणजे सोळापैकी चौदा हिस्से, तयार झालेलं फळ आधी काढा. शंका असली तर दोन-चार फळं बादलीत सोडा, तयार फळ बुडतं. काढताना देठ ठेवा, घाईत ओरबाडलेल्या फळाचा चीक सालीवर ओघळतो आणि ते पेटीत काळं पडतं. वादळात पडलेलं फळ आणि हाताने काढलेलं फळ एका पेटीत कधीही घालू नका. मार लागलेलं फळ चौथ्या दिवशी कुजतं आणि शेजारच्या डझनाला घेऊन जातं. कोवळ्या कैऱ्यांच्या फोडी वाळवून आंबोशी करायला ऊन मिळणार नाही. त्यांच्या फोडी करून मिठात घाला, 10 किलो फोडींना 2 किलो जाडं मीठ. याद्यांमध्ये कोणी लिहीत नाही अशी ही वस्तू, आणि दुकानात ती शेवटपर्यंत शिल्लक असते.

मोठ्या कलमांची फक्त सुकलेली फांदी आणि बांडगूळ काढा. वादळाच्या तोंडावर छाटणी काढू नका, ताज्या जखमा आठ दिवस पावसात भिजतात. तीन-चार वर्षांच्या कलमांना तीन बाजूंनी बांबू ठोका आणि काथ्याच्या दोरीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फास द्या. नायलॉन नको. वाऱ्यात खोड हलतं तशी नायलॉनची दोरी करवतीसारखी साल कापते, आणि दोन महिन्यांनी कलम वरून सुकायला लागलं की मग कारण शोधलं जातं. आळी खणणं आणि पाणी देणं पूर्वसूचना आली की लगेच थांबवा. आपल्याकडे जांभ्यावर मातीचा थर मुळात पातळ, तो भुसभुशीत आणि ओला असला की झाड मुळासकट आडवं होतं. उलट वाडीतले चर आणि पऱ्या, म्हणजे छोटे ओहळ, मात्र झापं-पाचोळा काढून मोकळे करा.

पोफळीला वादळाआधी फारसं काही करता येत नाही. ती मध्येच मोडते, टेकू लावून फायदा नाही. तिच्यातली केळी मात्र वाचवता येतात. बारा आणे भरलेले घड काढा, राहिलेल्यांना दोन बांबूंची कैची लावा आणि वरची चार-पाच पानं ठेवून बाकीची कापा.

मांगराच्या, म्हणजे वाडीतल्या शेतघराच्या, आणि गोठ्याच्या पत्र्यांवर चिरे ठेवायची सवय सोडा. पत्रा कडेने उचलला की चिरा आत गुरावर पडतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत दोन तृतीयांश रेती भरा, दोन गोण्या एका दोरीला बांधा आणि आढ्यावरून एक इकडे, एक तिकडे अशा लोंबत्या सोडा. पत्रा आधी पागोळीच्या आणि आढ्याच्या ओळीतून सुटतो. तिथले हुक तपासा, वॉशर गेलेले बदला. मधल्या ओळी नंतर बघा. शेडनेट असेल तर सरळ उतरवून गुंडाळा.

धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी, करणार असाल तर बियाणं अजून टाकू नका. पेरलेलं एका रात्रीत वाहून गेलं तर दुसऱ्यांदा आवडीचं वाण मिळेलच असं नाही. पिशवीवर पिशवी घालून झाकणाच्या पिंपात ठेवा, आणि वादळ गेल्यावर पेरतानाही तिसरा हिस्सा मागे ठेवा.

मग बाजार, पण हिशेबाने

पाण्यापासून सुरुवात करा, कारण ते विकत घ्यायचं नसतं. माणशी रोज 15 लिटर, गायीला 50 लिटर धरा. चार माणसं आणि दोन गुरं म्हणजे रोज 160 लिटर, सात दिवसांचे 1,120 लिटर. हजार लिटरची टाकी आणि एक पिंप भरलं की काम झालं. भरलेल्या टाकीचं वजन एक टन असतं, ती जागची हलत नाही. रिकामी टाकी मात्र शेजाऱ्याच्या अंगणात सापडते.

आता डिझेल. विहिरीवर 5 अश्वशक्तीचं इंजिन असेल तर ते तासाला साधारण एक लिटर पितं आणि हजार लिटरची टाकी दहा मिनिटांच्या आत भरतं. म्हणजे घरच्या पाण्यासाठी पंधरा दिवसांना 5 लिटरही जास्त होतात. 10 लिटर आणा आणि परत या. पन्नास लिटरचे कॅन ओटीवर साठवून काही मिळत नाही, आग लागायची धास्ती तेवढी वाढते. इंजिन आजच एकदा चालवून बघा. वर्षभर बंद असलेल्या इंजिनाचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपच्या तळाची झडप, सुकलेला असतो आणि ते पाणी धरत नाही, मग डिझेल कितीही असो. विजेच्या मोटरवर विसंबून असाल तर कप्पी आणि दोर काढून ठेवा. निसर्गनंतर कितीतरी गावांत वीज यायला आठवडे लागले होते. त्याच कारणाने सुट्या नोटा जवळ ठेवा. टॉवर बंद पडला की दुकानदाराकडे माल असतो, पण मोबाइलवरून पैसे जात नाहीत.

चेन सॉ असेल तर पेट्रोल 5 लिटर पुरे. 1 लिटरला 20 मिली टू-टी ऑइल, मशीनच्या पुस्तिकेत 25:1 लिहिलं असेल तर 40 मिली. यात कंजुषी केली की पिस्टन चिकटतो, आणि त्या आठवड्यात मेकॅनिक मिळत नाही. त्यापेक्षा महत्त्वाची एक जादा चेन, कानशी आणि चेनचं तेल. पडलेल्या झाडाच्या सालीत माती आणि खडे बसलेले असतात, एक चेन अर्ध्या दिवसात बोथट होते.

वैरण घरचीच असते, प्रश्न ती कोरडी ठेवायचा. कोकण कपिलासारख्या लहान चणीच्या गायीला रोज 6 किलो पेंढा धरला तर दोन गुरांना दहा दिवसांचा 120 किलो लागतो. तेवढा माळ्यावर किंवा पडवीत घ्या. पेंढ्याच्या उडवीवर ताडपत्री टाकून गाठी मारण्यापेक्षा जुनं मासेमारीचं जाळं टाकून कडेला चिरे बांधलेले बरे. ताडपत्रीत वारा भरतो, जाळ्यातून तो निघून जातो. ताडपत्री मिळाली नाही म्हणून हळहळू नका, झापांचे विणलेले झावळे पेंढ्याला पुरतात. भिजून बुरशी धरलेला पेंढा मात्र गुरांना घालू नका. वादळाच्या रात्री गोठा पक्का नसेल तर गुरं मोकळी सोडा, दाव्याला बांधलेलं जनावर पळू शकत नाही.

ब्लीचिंग पावडरची गोणी आणणारे पुष्कळ असतात. उघडी गोणी दमट हवेत काही आठवड्यांत निकामी होते, म्हणून बंद पाकिटं घ्या आणि हिशेबाने घ्या. विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला 785 ने गुणलं की लिटर येतात. 3 मीटर व्यासाच्या विहिरीत 4 मीटर पाणी म्हणजे 28,000 लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरून 70 ग्रॅम पावडर. पुराचं पाणी आत गेलं असेल तर आधी गढूळ पाणी उपसा, मग दुप्पट मात्रा द्या आणि तासभर थांबा. खाडीचं पाणी शिरलं असेल तर पावडरने खारटपणा जात नाही, पाऊस पडेल तसं थोडं थोडं उपसत राहावं लागतं. एकदम तळापर्यंत उपसली तर खालून आणखी खारं पाणी ओढलं जातं. खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या, शेतात खारं पाणी बाहेर काढायचं काम उघाडी, म्हणजे बांधातली फळीची झडप, करते. ओहोटीला उघडा, भरतीला बंद करा, आणि आजच तिची फळी सरकते का ते बघा.

एक वस्तू आत्ता घ्या आणि बाजूला ठेवा, मोरचूद, म्हणजे बोर्डो हे बुरशीनाशक करायला लागणारं कॉपर सल्फेट. वादळानंतर पोफळीवाला आणि आंबेवाला दोघंही एकाच दुकानात त्यासाठी येतात. गेल्या पावसाळ्यात जेवढे पंप फवारले त्याच्या दीडपट घ्या, सोबत तेवढाच कळीचा चुना.

वारा पडल्यावर

तारा पडल्या असतील तिथे वीज बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय जाऊ नका. कोयता चालवण्याआधी फोटो काढा आणि झाडं मोजा: माड इतके, पोफळी इतक्या, कलमं इतकी. पंचनाम्याला तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) येईपर्यंत बुंधे तरी जागेवर राहू द्या. सातबारावर झाडांची नोंद नसणं हे इथलं जुनं दुखणं, ते पीकपाहणीतच दुरुस्त करावं लागतं. विम्याची सूचना द्यायची असेल तर 72 तासांच्या आत द्या.

आडव्या झाडाचं खोड बुंध्याजवळ कापलं की मुळांचा गड्डा झटक्याने उभा राहतो. खड्ड्याच्या बाजूला कोणी नको, पोरं तर नकोतच. वाकून ताणलेली फांदी आधी आतल्या, दाबाच्या बाजूने थोडी कापा, मग ताणाच्या बाजूने. उलट केलं तर ती फाटत जाऊन मशीनवाल्याच्या छातीवर येते.

तरुण कलम कललं असेल आणि एका बाजूची मुळं शाबूत असतील तर चार-पाच दिवसांत उभं करा. आधी निम्मा विस्तार छाटा, तुटलेली मुळं साफ कापा, मग चेन पुलीने हळू उचला. बुंध्यात माती दाबून टेकू द्या. कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला 3 ग्रॅम करून बुंध्यात ओता. कापलेल्या जागांना बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. पोफळीच्या कोळेरोगासाठी, म्हणजे बुरशीने होणाऱ्या फळकुजीसाठी, एक टक्का मिश्रण करायचं तर तेच दोन्ही 100 लिटर पाण्यात. दोन्ही प्लास्टिकच्या पिंपांत वेगळं विरघळवा. मिश्रणात लोखंडी सुरी बुडवा. तिच्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, अजून घाला, नाहीतर घड करपतील.

मेलेले माडाचे बुंधे पावसाळाभर वाडीत कुजत ठेवू नका, गेंडा भुंगा त्यातच वाढतो. उभ्या माडांच्या जखमांवर सोंड्या भुंगा अंडी घालतो. सुई वाकलेला माड लगेच तोडू नका. सुई ओढून बघा. घट्ट असेल तर कोंब जिवंत आहे. सहज हातात आली आणि वास आला तर कुजलेला भाग कोरून पेस्ट भरा.

रोपांची टंचाई पुढच्या वर्षी जाणवते, तेव्हा कुठल्याही माडाचं रोप बाणवली, म्हणजे इथल्या उंच माडाच्या जातीचं, म्हणून विकलं जातं. बाजूला ठेवलेले ते वीस-पंचवीस नारळ आता कामाला येतात. महिना-दोन महिने सावलीत रेतीत ठेवा, मग वाफ्यात आडवे लावा. नऊ ते बारा महिन्यांनी ज्याला पाच-सहा पानं आणि जाड बुंधा असेल तेवढंच रोप लावायला घ्या, बाकीची टाकून द्या.