रोजच्या डोकेदुखीमागे गोळीच निघाली

सलग चार महिने पहाटे जाग येताच कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखे डोके दुखत असे आणि पॅरासिटामॉलने ते जेमतेम दुपारपर्यंत थांबे. चष्म्याचा नंबर तपासला, सायनस समजून वाफ घेतली. काहीच उपयोग न झाल्याने मी हताश झालो होतो.

मेंदूविकारतज्ज्ञांच्या सांगण्यावरून प्रथम महिनाभर दुखण्याची वेळ आणि घेतलेली गोळी वहीत नोंदवली, तेव्हा २२ दिवस गोळी घेतल्याचे दिसले. साधी वेदनाशामके तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्यात १५ किंवा अधिक दिवस घेतली, तर औषधच डोकेदुखी टिकवून धरू शकते. नंतर त्यांच्या देखरेखीखाली पॅरासिटामॉल एकदम बंद केले (कोडीन हे अफूवर्गीय वेदनाशामक असलेली औषधे मात्र अशी अचानक थांबवू नयेत). पहिले ८ दिवस दुखणे वाढले, सहाव्या आठवड्यापासून सकाळ मोकळी जाऊ लागली. आता आठवड्यातून दोनपेक्षा जास्त दिवस गोळी घेत नाही.