समृद्धीवर गाडी चढवताना

राजेहो, धामणगाव नाहीतर कारंज्याच्या इंटरचेंजवरून समृद्धी महामार्गावर चढत असाल तर एक गोष्ट पक्की, पहिला हक्क मेन रोडवरच्या गाडीचा, आपण इंडिकेटर दिला म्हणून कोणी जागा द्यायलाच पायजे असं काही नाही. टोलनाक्यापासून रॅम्पच्या (म्हणजे वर चढायच्या जोडरस्त्याच्या) वळणापर्यंत हळू, मग रस्ता सरळ झाला की स्पीड वाढवायचा, काहून का तिकडून कार १२० नं येते अन् आपण ४० वर मधात घुसलो तर मागच्यानं काय करावं बाप्पा? आरसा पाहा, मान वळवूनही पाहा, आरशात बाजूची गाडी कधी कधी दिसतच नाही. गॅप नसेल तर रॅम्पची लेन संपायच्या आत स्पीड कमी करून थांबा घ्या, पण रिव्हर्स अजिबात नाही.

आत घुसल्यावर अंतर. पुढचा कापसाचा ट्रक एखाद्या खांबापाशी गेला की "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" म्हणा, हे म्हणून व्हायच्या आधी आपण खांबापाशी पोचलो तर लय जवळ आहोत. १०० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. पावसात, धुक्यात मोजणी डबल करा. अन् मधात कोणी घुसलं तर घुसू द्या, पाय थोडा सैल सोडा.