छोटी, विचित्र म्युझियमं बस-मेट्रोने कशी बघायची: प्लॅन दारापासून उलटा करा

मोठ्या म्युझियमला पोचायला डोकं लागत नाही, बऱ्याचदा स्टेशनलाच त्याचं नाव असतं, जागोजागी बाण असतात आणि तेही नसलं तरी गर्दीच्या मागे चालत राहिलं की दार येतंच. खरी मजा छोट्यांमध्ये आहे, जंतांचं म्युझियम, संडासांचं म्युझियम, तुटलेल्या प्रेमप्रकरणांचं म्युझियम (हो, आहे, क्रोएशियातल्या झाग्रेबला), पण ही असतात कुठल्यातरी गल्लीत, कुणाच्यातरी जुन्या घरात, आणि उघडी असतात आठवड्यातले मोजके दिवस. त्यामुळे इथे आधी रूट आणि मग वेळ असं करायचं नाही. आधी दार कधी उघडं आहे ते पक्कं करा, आणि तिथून मागे मागे येत मेट्रो-बस ठरवा.

सोमवारी बंद हे सगळ्यांना माहीत असतं, पण छोट्यांना बऱ्याचदा मंगळवारची पण सुट्टी असते. लंडनचं सर जॉन सोन म्युझियम बुधवार ते रविवारच उघडं, टोकियोचं मेगुरो परजीवी म्युझियमपण सोमवार-मंगळवार बंद. शिवाय शेवटचा प्रवेश ही वेगळी भानगड असते, पाटीवर पाच लिहिलंय म्हणून पावणेपाचला गेलात तर आत सोडतीलच असं नाही. मॅप अ‍ॅपवरच्या वेळांवर विसंबू नका, म्युझियमची स्वतःची वेबसाईट बघा, आणि जागा फारच छोटी असेल तर सरळ फोन करा, दोन मिनिटांचं काम आहे. काही ठिकाणी फक्त गाईडेड टूरनेच आत जाता येतं किंवा आधी बुकिंग लागतं, ते पण तेव्हाच कळतं.

आता रूट. अ‍ॅपमध्ये "आत्ता निघतोय" वर शोधू नका, ज्या दिवशी जाणार तो दिवस आणि पोचायची वेळ टाकून शोधा, कारण रविवारचं टाईमटेबल वेगळं असतं आणि शनिवारी जी बस दहा मिनिटांनी येते ती रविवारी अर्ध्या तासाने येऊ शकते. अ‍ॅप कधीकधी दारात सोडणारी बस दाखवतं जी तासाला एक आहे, आणि खाली कुठेतरी मेट्रो अधिक पंधरा मिनिटं चाल असा ऑप्शन असतो. मी नेहमी दुसरा घेतो. मेट्रो चुकली तर पुढची पाच मिनिटांत येते, ती बस चुकली की दुपार गेली.

मेगुरो हे याचं चांगलं उदाहरण आहे, स्टेशनपासून चालत साधारण पंधरा मिनिटं, पण स्टेशन मोठ्या लाईनवर असल्यामुळे यायचं कधीही जमतं. फक्त स्टेशनच्या पश्चिमेच्या बाजूने बाहेर पडा. कुठल्या एक्झिटने निघायचं हे रूटइतकंच महत्त्वाचं असतं, चुकीच्या दाराने वर आलात की मोठा रस्ता ओलांडून, वळसा घालून चालणं दुप्पट होतं. आत दोनच मजले आहेत, १९५३ साली एका डॉक्टरने सुरू केलेलं. बाटल्यांमध्ये नाना प्रकारचे कृमी, आणि सगळ्यांचं लक्ष जातं ते ८.८ मीटर लांबीच्या पट्टकृमीकडे, माणसाच्या पोटातून निघालेला, आणि शेजारीच तेवढ्याच लांबीची फीत टांगलेली असते. ती हातात धरून ताणत जायची, मग कळतं ८.८ मीटर म्हणजे काय ते. जेवण त्याआधी करायचं की नंतर ते ज्याचं त्याने ठरवावं.

घरातली म्युझियमं बाहेरून घरासारखीच दिसतात, त्यामुळे नुसत्या मॅपच्या पिनवर विसंबू नका, घरनंबर लिहून ठेवा. सर जॉन सोनचं घर हॉलबर्न ट्यूब स्टेशनपासून अगदी जवळ, लिंकन्स इन फील्ड्सच्या बागेला लागून, तरी लोक समोरून निघून जातात. हा माणूस आर्किटेक्ट होता, त्याने १८३३ मध्ये पार्लमेंटकडून कायदाच करून घेतला की घर आहे तसंच ठेवायचं, १८३७ ला तो गेला आणि तेव्हापासून तसंच आहे. तिथल्या चित्रांच्या खोलीतून लगेच बाहेर पडू नका. भिंती म्हणजे खरं तर बिजागऱ्यांवर बसवलेले पॅनल आहेत, मधूनमधून तिथला स्टाफ ते कपाटाच्या दारासारखे उघडतो आणि मागे अजून चित्रं निघतात. पुढच्या वेळी कधी उघडणार ते विचारा आणि थांबा. मोठी बॅग घेऊन जाऊ नका, अशा घरात वाटा एका माणसापुरत्या असतात आणि आजूबाजूला सगळं फुटणारं सामान. स्टेशनवर लॉकर असेल तर तिथेच टाका. एका वेळी मोजकेच लोक आत घेतात, म्हणून उघडायच्या दहा मिनिटं आधी पोचा किंवा दुपारी उशिरा जा, मधली वेळ वाईट.

एका दिवसात किती? दोन, फार तर तीन, आणि शक्यतो एकाच लाईनवरची. शहराच्या दोन टोकांना दोन म्युझियमं निवडली की दिवसभर फक्त सरकते जिने बघणं होतं. लांबचं आधी करा, स्टेशनजवळचं शेवटी. दिल्लीचं सुलभचं संडासांचं म्युझियम, १९९२ पासूनचं, पालमच्या बाजूला आहे, मॅजेंटा लाईनवरचं दशरथपुरी स्टेशन त्याला जवळ पडतं, म्हणजे ते सकाळी उरकायचं. चौदाव्या लुईच्या सिंहासनवजा कमोडची प्रतिकृती आहे तिथे, ती चुकवू नका. झाग्रेबचं प्रेमप्रकरणांचं म्युझियम जुन्या वरच्या गावात आहे, तिथे चढायला फक्त ६६ मीटरची फ्युनिक्युलर (चढावर दोराने ओढली जाणारी छोटी गाडी) आहे, ती बंद असली तर वैतागू नका, शेजारीच पायऱ्या आहेत.

आणि काही ठिकाणी तर प्रवासच म्युझियम असतो, ही माझी सगळ्यात आवडती जात. न्यूयॉर्कचं ट्रान्झिट म्युझियम ब्रुकलिनमध्ये १९४६ ला बंद पडलेल्या सबवे स्टेशनातच आहे, जिना उतरून आत जायचं आणि खाली प्लॅटफॉर्मला जुने डबे उभे, आत जाऊन बसायचं. सॅन फ्रान्सिस्कोला केबल कार म्युझियमला जायला केबल कारच पकडा, दोन्ही पॉवेल लाईन शेजारून जातात, आणि आत ती प्रचंड चाकं फिरताना दिसतात जी रस्त्याखालची केबल ताशी साडेनऊ मैलाने ओढत असतात, म्हणजे तुम्ही आत्ता ज्या गाडीतून उतरलात तिला इथूनच खेचलं होतं. लंडनला ब्रुनेल म्युझियमला जाताना ब्रुनेल या इंजिनिअर बापलेकांनी टेम्सखाली बांधलेल्या १८४३ च्या बोगद्यातूनच ट्रेन जाते, फक्त त्यासाठी उत्तरेकडून या, वॉपिंगला उतरून प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन जुन्या कमानी बघा, पुढच्या ट्रेनने रॉदरहाइथ.

सोमवार-मंगळवारच मोकळे असाल तर स्टॉकहोमसारखं शहर बरं, तिथे स्टेशनंच गॅलरी आहेत. तिकीट ७५ मिनिटं चालतं. कुंग्सट्रेडगोर्डेनपासून ११ नंबरच्या निळ्या लाईनने सुरू करा, टी-सेंट्रालेनला निळ्या वेली, रोडहुसेटला उघडा खडक, मग सोल्ना सेंट्रुमला लाल आकाश आणि खाली लांबच लांब हिरवं जंगल. उतरायचं, बघायचं, पुढची पकडायची, गेटबाहेर जायचंच नाही. ऑफिसच्या गर्दीची वेळ टाळा, नाहीतर फक्त लोकांच्या पाठी दिसतील.

तिकिटाचं म्हणाल तर आधी दोन गोष्टी विचारून घ्या: त्याच तिकिटावर गाडी बदललेली किती वेळ चालते, आणि तिकीट मशीनमध्ये ठोकावं लागतं का. बर्लिन, प्राग, झाग्रेबसारख्या ठिकाणी ट्रामला तिकिटाचं गेट काही नसतं पण कागदी तिकीट पंच केलं नसेल तर तपासनीस दंड लावतो, परदेशी आहे वगैरे काही चालत नाही. लंडनला बसमध्ये पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसरी बस पकडली तर परत पैसे कापत नाहीत, म्हणजे अर्ध्या तासात होणारी गॅलरी त्यातच बसते, आणि त्यासाठी दर वेळी तेच कार्ड टेकवायचं, एकदा कार्ड आणि एकदा फोन असं केलं की हिशोब वेगळा धरतात.

निघायच्या आधी परतीचा स्टॉप पण बघून ठेवा, वन-वे असेल तर परतीची बस दुसऱ्याच रस्त्यावरून जाते. रूटचे आणि घरनंबरचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, जमिनीखाली नेट गेलं की अ‍ॅप नुसतं गोल गोल फिरत बसतं. आणि दारावर "आज बंद" चिकटवलेलं दिसलंच तर त्याच लाईनवरचं राखीव नाव आधीच लिहिलेलं असू द्या.