ऑक्सिडेटिव्ह ताण आणि पेशीपटलावरील चॅनेल : संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

एम.एस्सी. संपवून पीएचडीचा विषय शोधणारे विद्यार्थी मला विचारतात, की आयन चॅनेल (पेशीपटलातून प्रभारित कणांना वाट देणारी प्रथिने) आणि ऑक्सिडेटिव्ह ताण (ऑक्सिडंट म्हणजे ऑक्सिजनची अतिक्रियाशील संयुगे साचल्याने पेशीवर येणारा ताण) यांवर एकत्र काम करायचे असेल तर सुरुवात कुठून करावी. या विषयात काही वर्षे घालवल्यावर माझे मत असे झाले आहे, की आपण निवडलेला चॅनेल ऑक्सिडंटला पेशीत येऊ देणारा मार्ग आहे, की ऑक्सिडंट वाढल्यामुळे उघडणारा वा मिटणारा चॅनेल आहे, हे पहिल्याच आठवड्यात स्वतःशी स्पष्ट करावे. दोन्ही भूमिका खऱ्या आहेत आणि काही प्रथिने त्या दोन्ही बजावतात. पण त्या सिद्ध करणारे प्रयोग मात्र निराळे असतात.

मार्गाची भूमिका समजण्यासाठी ॲक्वापोरिन, म्हणजे पेशीपटलातून पाणी जाऊ देणारे चॅनेल, हे उत्तम उदाहरण आहे. सुपरऑक्साइड या ऑक्सिडंटवर ऋण प्रभार असल्यामुळे तो पेशीपटलाच्या स्निग्ध थरातून सहज जात नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड या दुसऱ्या ऑक्सिडंटवर प्रभार नसतो, म्हणून तो कुठूनही मुक्तपणे विसरित होतो असेच दीर्घकाळ मानले जाई. प्रत्यक्षात त्याचा रेणू ध्रुवीयतेच्या बाबतीत पाण्याच्या जवळचा आहे आणि पटल त्याला बऱ्यापैकी अडवते. पाण्याचे चॅनेल शोधल्याबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि त्यानंतर काही वर्षांतच, २००७ मध्ये, यीस्ट पेशींवरील प्रयोगांतून मानवी ॲक्वापोरिन-८ हायड्रोजन पेरॉक्साइडही वाहून नेतो हे दाखवले गेले. पुढे ॲक्वापोरिन-३ बाबतही तसेच पुरावे आले. सगळी ॲक्वापोरिने हे काम सारख्या क्षमतेने करत नाहीत, म्हणून आपल्या पेशीत नेमकी कोणती आहेत हे आधी तपासावे. ॲक्वापोरिन-८ चे वैशिष्ट्य असे, की पेशीवर ताण आला की त्यातील सिस्टीन या एका अमिनो आम्लात होणाऱ्या बदलामुळे त्याची पारगम्यता घटते. म्हणजे जो मार्ग आहे तोच ताणाचे लक्ष्यही ठरतो.

दुसऱ्या भूमिकेसाठी टीआरपीएम२ पाहावा. हा कॅल्शियम आत येऊ देणारा चॅनेल न्यूट्रोफिल, मोनोसाइट, मेंदूतील पेशी आणि स्वादुपिंडातील बीटा पेशींत आढळतो. पेशींवर हायड्रोजन पेरॉक्साइड घातले की तो उघडतो, परंतु त्याला उघडणारा रेणू एडीपी-रायबोज हा आहे. ऑक्सिडंटमुळे डीएनएला इजा होते, ती दुरुस्त करू पाहणारे पार्प हे विकर पॉली-एडीपी-रायबोजच्या साखळ्या तयार करते, त्या साखळ्या तुटून एडीपी-रायबोज मोकळे होते आणि ते चॅनेलला आतल्या बाजूने जाऊन बांधते. म्हणूनच पेरॉक्साइड दिल्यानंतर चॅनेलमधून जाणारा विद्युत प्रवाह दिसायला काही मिनिटे लागू शकतात. नवख्या माणसाला हा विलंब उपकरणातील दोष वाटतो, पण यंत्रणेची खरी साक्ष त्यातच असते. पार्पचा प्रतिरोधक देऊन प्रतिसाद घटतो का, आणि पॅच पिपेटमधून (पेशीला चिकटवून प्रवाह मोजण्याच्या काचेच्या बारीक नळीतून) एडीपी-रायबोज थेट आत दिल्यास प्रवाह सुरू होतो का, हे दोन्ही पाहिल्याशिवाय टीआरपीएम२ चे नाव घेऊ नये. आतल्या बाजूचे कॅल्शियमही त्याला उघडण्यासाठी लागते, त्यामुळे पिपेटच्या द्रावणातील कॅल्शियम किती बांधले गेले आहे याचा हिशेब ठेवावा.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट, जिच्याकडे प्रशिक्षणात फार कमी लक्ष दिले जाते : हायड्रोजन पेरॉक्साइड हे रसायन म्हणून हाताळणे. बाटलीवरील ३० टक्के म्हणजे सुमारे ९.८ मोलर, पण उघडलेल्या बाटलीत ती संहती टिकत नाही. २४० नॅनोमीटरला शोषण मोजून संहती ठरवावी आणि सौम्य द्रावण त्याच दिवशी तयार करावे. पेशी वाढवण्याच्या अनेक माध्यमांत सोडियम पायरुवेट असते आणि ते पेरॉक्साइडशी थेट अभिक्रिया करून ते संपवते. सीरमचाही परिणाम होतो. शिवाय माध्यमातील रायबोफ्लेविन प्रकाशात स्वतःच पेरॉक्साइड निर्माण करू शकते. पेशींची घनता बदलली तर प्रत्येक पेशीच्या वाट्याला येणारी मात्राही बदलते, कारण पेशी पेरॉक्साइड झपाट्याने विघटित करतात. त्यामुळे केवळ “१०० मायक्रोमोलर दिले” एवढ्या नोंदीवरून दुसऱ्या प्रयोगशाळेला तो प्रयोग पुन्हा करता येत नाही. माध्यम कोणते, पेशी किती, आकारमान किती आणि वेळ किती हे चारही वहीत लिहावे. निरोगी पेशीतील पेरॉक्साइडची पातळी नॅनोमोलर श्रेणीत असते, हे लक्षात घेतले की बाहेरून दिलेल्या मात्रेचा अर्थ लावताना आपोआप संयम येतो.

मोजमापाबाबतही तीच दक्षता हवी. डीसीएफडीए हा ऑक्सिडंटमुळे चमकणारा रंग स्वस्त आणि सोपा असल्याने सर्वत्र वापरला जातो, पण तो केवळ पेरॉक्साइडचा सूचक नाही. लोह, पेरॉक्सिडेज आणि सूक्ष्मदर्शकाचा प्रकाश यांमुळेही तो चमकतो. चॅनेल बंद केल्यावर ही चमक घटली म्हणून पेरॉक्साइडचा प्रवेश थांबला, असा निष्कर्ष काढता येत नाही. हायपर हा जनुक घालून पेशीतच तयार करवला जाणारा पेरॉक्साइडचा संवेदक अधिक विशिष्ट आहे, मात्र त्याच्या जुन्या आवृत्त्या आम्लतेतील बदलालाही प्रतिसाद देतात, म्हणून सायफर (आम्लतेला प्रतिसाद देणारा, पण पेरॉक्साइडला न देणारा तसाच संवेदक) हा कंट्रोल सोबत लागतो. हायपर७ मध्ये ही अडचण बरीच कमी झाली आहे.

प्रतिरोधकांवर विसंबणे मला या क्षेत्रातील सर्वांत मोठी कमजोरी वाटते. मर्क्युरिक क्लोराइड अनेक ॲक्वापोरिने रोखते, पण पारा पेशीतील सगळ्याच थायॉल (गंधक-हायड्रोजन) गटांना बांधतो आणि थायॉल हे तर ऑक्सिडंटविरुद्धच्या संरक्षणाचे केंद्र आहे. त्यामुळे ऑक्सिडेटिव्ह ताणाच्या प्रयोगात तो वापरल्यास निकालाचा अर्थच लागत नाही. टीआरपीएम२ साठी वापरली जाणारी फ्लुफेनॅमिक आम्ल, क्लोट्रिमॅझोल आणि २-एपीबी ही रसायने इतर चॅनेलवरही परिणाम करतात. जनुक नसलेली पेशी, तिच्यात मूळ चॅनेल पुन्हा घातलेली पेशी आणि छिद्र निकामी केलेला चॅनेल घातलेली पेशी असा संच उभा करायला महिने लागतात, तरीही तो उभा करावाच, असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो.

प्रयोगशाळा निवडताना नेट किंवा गेटच्या गुणांपेक्षा वेगळी चौकशी करावी लागते. पॅच क्लॅम्प, म्हणजे पॅच पिपेटने चॅनेलचा प्रवाह मोजणे, हे हाताने शिकायचे तंत्र आहे. गिगाओम सील (पिपेट आणि पेशीपटल यांच्यातील घट्ट, गळती नसलेला जोड) सातत्याने मिळू लागेपर्यंत बराच काळ निकाल येत नाहीत. म्हणून तिथे उपकरण चालू स्थितीत आहे का, ते रोज वापरणारी व्यक्ती पुढची दोन वर्षे तिथे असणार आहे का, आणि पहिल्या वर्षी निकालाऐवजी कौशल्याची अपेक्षा ठेवायला मार्गदर्शक तयार आहेत का, हे मुलाखतीतच विचारावे. भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्रातून येणाऱ्यांनी संकोच करू नये. प्रवाह-विभव आलेख वाचणे आणि पेरॉक्साइडच्या विघटनाचा वेग काढणे त्यांना बहुधा लवकर जमते, आणि पेशी वाढवण्याचे काम काही आठवड्यांत शिकता येते.